पाणी निवळण्याचे दिवस

माघ अर्धा सरला की धरणाचं पाणी निवळायला लागतं. पावसाळ्यात डोंगरांवरून उतरलेली माती कितीतरी महिने पाण्यात तरंगत असते. थंडीत ती हळूहळू खाली बसते, आणि मग एखाद्या सकाळी काठावर उभं राहिलं की पायाजवळचा दगड दिसतो, त्याच्या पलीकडचा दिसतो, मग उतारावर बुडालेल्या झाडाच्या वठलेल्या फांद्या. जव्हारात सगळा जन्म काढूनही मला हे माहीत नव्हतं. धरण मोखाड्याच्या बाजूला. माझ्यासाठी ते एसटीच्या वळणावर दिसणारं आणि पुढच्या वळणावर नाहीसं होणारं पाणी होतं, तेवढंच. ते कधी गढूळ असतं आणि कधी निवळतं, हे मला शरदने शिकवलं. शरद माझा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी याच दिवसांत तो त्या पाण्यात खाली गेला आणि वर आला नाही. तो अजून तिथेच आहे.

परवा दुपारी खालच्या दरीतून राब भाजल्याचा वास आला. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात, त्याचा हा वास. सागाची पानं जळताना एक कडवट गोडी असते त्यात. मी ग्रंथालयातून निवृत्त झाले त्याला काही वर्षं झाली, पण दुपारी खिडकीशी बसून वाचायची सवय राहिली आहे. पुस्तक उघडंच होतं. वास आला आणि मला कळलं, की पाणी आता निवळलं असेल. त्यानंतर पुढचं पान मला वाचता आलं नाही.

निवळलेल्या पाण्याला लोक चांगलं म्हणतात. मीही म्हणत असे.

शरद बरीच वर्षं समुद्रात होता. जहाजांच्या तळाशी, खांबांच्या पायाशी, नळांच्या सांध्याशी जाऊन काम करणारा पाणबुड्या. लग्न केलं नाही. एका कानाने ऐकू येईनासं झालं तेव्हा काम सोडलं आणि घरी आला, दोन मोठ्या निळ्या पिशव्या घेऊन. दुसऱ्या दिवशी त्याने अंगणातल्या दोरीवर आपला काळा रबरी पोशाख वाळत घातला. हात, पाय, धड, सगळं जागच्या जागी, फक्त डोकं नाही. शेजारच्या कुलकर्णीकाकू फाटकातून आत येता येता थबकल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे माणूस वाळत घातलाय का?" आम्ही पोट धरून हसलो होतो. शरद तर पुढे कितीतरी दिवस तो पोशाख दोरीवर टाकताना त्याला "या काका, बसा" म्हणायचा.

तो घरी स्वस्थ बसणार नव्हताच. त्याच्या मनात एक होतं. किनाऱ्याजवळच्या समुद्रात, खडकांवर, मच्छीमारांची तुटलेली नायलॉनची जाळी अडकून राहतात. कोणी त्यांना ओढत नाही, तरी ती मासे धरत राहतात, कासवं धरत राहतात, वर्षानुवर्षं. तळाशी जुन्या गलबतांचे दगडी नांगर पडलेले आहेत, रांजणांची खापरं आहेत, लाकडाच्या फळ्या आहेत. कोणी हौसेने बुडी मारतो आणि दिसेल ते उचलून घरी नेतो, दिवाणखान्यात ठेवतो. शरदला याचा फार राग यायचा. तो म्हणायचा की वस्तू जिथे पडली आहे तिथेच ती काही सांगते. उचलली की मुकी होते. त्याला माणसं तयार करायची होती, पगाराविना, मनाने येणारी. त्यांनी जाळी कापून काढावीत, आणि जुनं जे दिसेल त्याला हात न लावता मोजावं, पाटीवर काढावं, वर येऊन सांगावं.

"मग इथे डोंगरात काय करतोस?" मी विचारलं होतं.

तो म्हणाला, "ताई, ज्याचं स्वतःचं गाव पाण्याखाली आहे ना, तो दुसऱ्याच्या बुडालेल्या जहाजातून मडकं चोरणार नाही."

त्या धरणाखाली एक पाडा आहे. पंचवीस-तीस घरांचा असेल. तिथली माणसं वर पठारावर येऊन राहिली, काही वावरकडे गेली, काही पोशेऱ्याकडे, आणि बरीचशी वर्षातले आठ महिने मजुरीला वसई-भिवंडीकडे. पाणी शांत, गोडं, लाटा नाहीत, भरती-ओहोटी नाही. शिकायला याहून बरी जागा नाही, असं शरदचं म्हणणं. रीतसर परवानगी काढायला त्याला एक वर्ष लागलं. मग सहा जण जमले. त्यांतली यमुना पोशेऱ्याची, माझ्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं मागायला येणारी मुलगी, आता चांगली बावीस-तेवीस वर्षांची. बाकीचे चार जव्हार-मोखाड्यातले, दुकानात नाहीतर कचेरीत काम करणारे. आणि सहावा सोमा.

सोमा पन्नाशीला आलेला. त्याचा जन्म त्या बुडालेल्या पाड्यावरचा. बापाच्या खांद्यावर बसून तिथून निघाला तेव्हा त्याला नीट बोलताही येत नसेल. जमीन त्यांची तेव्हाही नव्हती, आताही नाही. पावसाळ्यात लोकांच्या आवणीला, म्हणजे भातलावणीला जायचं, नंतर वीटभट्टीवर, आणि मधल्या दिवसांत धरणात जाळं टाकायचं. तराफा म्हणजे ट्रकच्या चार ट्यूबा आणि वर बांबू. शरद पहिल्यांदा धरणावर गेला तेव्हा सोमानेच त्याला तराफ्यावर घेतलं आणि विचारलं, इतकं सामान घालून खाली काय बघायला जाता. शरदने सांगितल्यावर तो बराच वेळ वल्हवत राहिला आणि मग म्हणाला की त्यालाही जायचं आहे. खाली वाघोबा आहे, पाड्याचा देव. आई मरेपर्यंत त्याचं नाव घेत होती. पाडा उठला तेव्हा सगळ्यांनी सगळं वर आणलं, पण वाघोबाचा दगड कोणाच्याने हलला नाही.

त्या हिवाळ्यातल्या रविवारच्या सकाळी मला अशा तुटक तुटक आठवतात. शाळेच्या मैदानावर सहा मोठी माणसं डोळ्यांना फडकी बांधून एका दोरीला धरून चालताहेत, आणि कुंपणाबाहेर पोरं हसून लोळताहेत. मी घरून पोह्यांचा डबा नेलेला. गढूळ पाण्यात डोळे कामाचे नसतात, हातातली दोरी हीच वाट, हे शरद त्यांना शिकवत होता. मग दोरी न सोडता वळायचं कसं, दोघांनी एकमेकांचा दंड दाबून बोलायचं कसं. सोमा पट्टी खाली ओढून चोरून बघायचा, आणि शरदने पकडलं की म्हणायचा, "सर, मी नाय बघत. डोळाच बघतो."

पहिल्यांदा पाठीवर हवेची टाकी चढवली तेव्हा तो वाकून गेला होता. "बोहाड्यात नरसिंहाचं सोंग घेतलं होतं मी," तो म्हणाला, "ते बी इतकं जड नव्हतं. आन् त्याला निदान वाजंत्री असते." नरसिंहाचा तो लाकडी मुखवटा आमच्याकडच्या बोहाड्यात, त्या मुखवट्यांच्या उत्सवात, दोन माणसांनी मागून धरावा लागतो, इतका जड. यमुना काठावर बसून हसता हसता पाण्यात पडायची राहिली.

शरदची शिकवण जवळजवळ सगळी एकाच गोष्टीभोवती होती, ती म्हणजे तळाचा गाळ. तळाशी उतरायचं नाही, तळाच्या वर हातभर तरंगत राहायचं. पायांतले ते लांब रबरी फिन खाली मारायचे नाहीत, मागे मारायचे, बेडकासारखे. गाळ एकदा उठला की तासभर बसत नाही, आणि तुमच्यामागून येणारा आंधळा होतो. हे तो इतक्या वेळा सांगायचा की मलाही पाठ झालं. घरात केर काढताना धूळ उडाली तर म्हणायचा, ताई, गाळ.

त्याने सगळं सांगितलं होतं. हवा कमी झाली तर काय करायचं, जोडीदार दिसेनासा झाला तर काय, जाळ्यात पाय अडकला तर सुरी कुठल्या हाताने काढायची. फक्त देवासमोर फिन काढू नका, हे सांगायचं त्याला सुचलं नाही. सुचणार तरी कसं? इतकी वर्षं समुद्राच्या तळाशी हिंडला, तिथे त्याला कधी देव भेटला नव्हता.

त्या रविवारी वाघोबाचा दगड सापडला. आदल्या आठवड्यात यमुनाने दोरी लावून जागा धरली होती. त्या दिवशी शरद, यमुना आणि सोमा अशी तिघं खाली गेली; बाकीचे आणि मी वर बोटीत थांबलो. पुढचं मला यमुनाने सांगितलं, आणि नंतर सोमाने, आणि दोघांच्या सांगण्यात काही फरक नाही. दगडावर शेवाळ होतं, पण कोरलेला वाघ ओळखू येत होता, त्याच्यावरचा चंद्र आणि सूर्यही. शरदने हाताने खूण केली, की इथेच थांबा. यमुना थांबली. सोमा पुढे गेला. तळावर गुडघे टेकून बसला. मग त्याने आधी एका पायातला फिन काढला, नंतर दुसऱ्या पायातला, दोन्ही शेजारी शेजारी बाजूला ठेवले, देवळाबाहेर ठेवावेत तसे. आणि मग पुढे होऊन दगडावर डोकं टेकलं.

गाळ उठला. यमुना सांगते, डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हातही दिसेना. तिचा दंड कोणीतरी घट्ट धरला. तो शरद होता. त्याने तिला दोरीपाशी आणलं, दोरी तिच्या मुठीत दिली, वर जा अशी खूण तिच्या तळहातावर केली, आणि तो सोमासाठी परत गाळात गेला.

सोमा मात्र तिथे नव्हता. फिन हाताला लागेनात म्हटल्यावर तो आपल्या लहानपणापासूनच्या पोहण्याने, उघड्या पायांनी, खडकाच्या कडेकडेने वर आला होता. कातळाच्या पलीकडच्या अंगाला, जिथून आमची बोट दिसत नाही तिथे, तो काठावर बसून रडत होता. आईच्या वाघोबाला हात लागला म्हणून. आनंदाने.

इकडे आम्ही बोटीतून बुडबुडे बघत होतो. बुडबुडे एका जागी नव्हते, इकडून तिकडे फिरत होते. तो शोधत होता. मी तेव्हा तिथे होते. नंतर ते एका जागी येऊ लागले. आणि मग यायचे थांबले. वर आलेली यमुना दुसरी टाकी मागत होती, आणि शिकाऊ माणसाने एकट्याने परत खाली जायचं नाही, हा शरदचाच नियम होता म्हणून बाकीच्यांनी तिला धरून ठेवलं होतं. मग बाकीच्यांतले दोघे जोडीने उतरले. गाळाखेरीज त्यांना काही दिसलं नाही. त्याला खाली काय अडलं, बुडालेलं झाड की जुनं जाळं की आणखी काही, ते आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही.

मी सोमाला दोष देत नाही. लोक मला हळूच विचारतात, म्हणून लिहिते. देवापुढे जाताना पायातलं काढायचं, हे त्याच्या अंगात होतं. ते माझ्याही अंगात आहे.

सरकारी पाणबुडे आले, काही दिवस त्यांनी प्रामाणिकपणे शोधलं, आणि तळ फार उतरता आहे, झाडं फार आहेत, असं सांगून गेले. त्यांचं चुकलं नाही. पण पाणी अजून निवळलेलंच होतं. मग या शिकाऊ माणसांनी ठरवलं की आपण शोधायचं. शरदचा एक जुना सोबती मुंबईहून टाक्या भरायचं यंत्र घेऊन आला, आणि तो फाल्गुन आणि चैत्र मी काठावर बसून काढला.

त्या दिवसांबद्दल काय लिहू? पांगारा फुललेला होता. मोहाची फुलं पहाटे गळायची आणि पाड्यावरच्या बाया पाट्या घेऊन झाडाखाली वेचायच्या, त्याचा आंबूस वास सबंध काठावर. कुठल्यातरी गावी बोहाडा लागलेला, संबळ लांबून ऐकू यायचा. आणि माझ्या समोर पाण्यावर नारळाच्या काथ्याची दोरी ताणलेली. शरदने शिकवलं होतं तसंच ती माणसं करत होती. एक दोरी ठोकायची, तिच्या कडेने जायचं, हातभर सरकायचं, पुन्हा यायचं. नांगर आणि रांजण शोधण्यासाठी शिकलेलं सगळं त्यांनी त्याच्यासाठी वापरलं. यमुना वर आली की मास्क कपाळावर सारायची आणि आधी माझ्याकडे बघून मान हलवायची. पुढे पुढे तिने माझ्याकडे बघणं सोडलं. मलाही ते बरं वाटलं.

त्यांना बाकी सगळं सापडत होतं. जात्याची तळी, चुलीचे दगड, उखळ, गोठ्याचा खुंट, एक पितळी घुंगरू. त्यांनी काहीही वर आणलं नाही. पाटीवर काढून आणायचे आणि काठावर मोठ्या कागदावर उतरवायचे, आणि सोमा बोट ठेवून सांगायचा की हे लखमाचं घर असणार, आई सांगायची, त्याच्या दारात चिंच होती. वैशाख लागेपर्यंत बुडालेल्या पाड्याचा नकाशा जवळजवळ पुरा झाला. शरदला हवा होता तसाच, मापासकट. त्यात घरं होती, वाटा होत्या, वाघोबा होता. तो स्वतः त्यात कुठेच नव्हता.

काठावर भगताने तांदळाचे दाणे टाकून पाहिलं आणि सांगितलं, तो वाघोबाच्या राखणीला राहिला आहे. नाशिकच्या चुलतभावाने फोनवर सांगितलं, देह मिळत नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करता येतं, शास्त्रात सोय आहे, ताई, किती दिवस असं ठेवणार? दोघंही आपापल्या परीने माझ्या भल्याचंच बोलत होते. मी दोघांचंही ऐकून घेतलं. ग्रंथालयात हरवलेलं पुस्तक लगेच बाद करत नाहीत. आधी ते गहाळ असतं. गहाळ म्हणजे कुठेतरी आहे. या एका शब्दावर मी किती महिने काढले, हे मला कोणाला समजावून सांगता येणार नाही. त्या धरणाचं पाणी बोगद्यातून शहराला जातं. शहरातली ओळखीची कोणी पाण्याचा पेला तोंडाला लावते तेव्हा मी नजर वळवते.

मग पाऊस आला. लाल पाणी सगळीकडून उतरलं. शेवटच्या दिवशी दोरी गुंडाळताना सोमा माझ्यापाशी आला. अंगाला गाळाचा वास. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "बाई, तुम्ही बोलाल तवर मी शोधीन." मी होकार दिला. त्या क्षणी दुसरं काही द्यायला माझ्याकडे नव्हतं.

यंदा पाणी निवळलं आणि काठावर कोणी आलं नाही. परवानगी रद्द झाली आहे, यंत्र मुंबईला परत गेलं. दुकानातली माणसं दुकानात गेली. यमुना किनाऱ्यावर असते. शरदच्या त्या सोबत्याबरोबर ती आता समुद्रात उतरते, खडकांवरची जाळी कापते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाजात वारा होता. "बाई, आज एक कासव सोडवलं. मानेला जाळं रुतलं होतं, पण जित्तं होतं. सोडल्यावर थोडा वेळ तिथंच थांबलं, मग गेलं." मी छान म्हटलं.  हे ऐकायला जो हवा होता त्याचा विचार आम्ही दोघी करत होतो, आणि दोघींनीही त्याचं नाव घेतलं नाही. फोन ठेवल्यावर मला त्या कासवाचा राग आला. एका मुक्या जनावराचा राग यावा, इथवर मी आले आहे.

आणि काल जानी आली. जानी म्हणजे सोमाची बायको. पोशेऱ्याहून जीपने मोखाडा, तिथून एसटीने जव्हार, असं करत ती घर शोधत आली होती. खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली. चहा दिला तो बशीत ओतून सावकाश प्यायली, आणि बशी खाली ठेवून म्हणाली, "बाई, तो रोज जातो."

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. टाकी नाही, काही नाही. ट्यूबांचा तराफा, आणि पोटाशी बांधलेला दगड. दगडाच्या ओझ्याने खाली जायचं, दम संपेपर्यंत चाचपायचं, गाठ सोडून वर यायचं. दिवाळीपासून, पाणी अजून लाल होतं तेव्हापासून. भट्टीवर यंदा गेलाच नाही. ती एकटी मजुरीला जाते. रात्री झोपेत हात हलवतो, म्हणाली, खाली चाचपतो तसे.

"नाकातून रगत येतं. परवा कानातून बी आलं. एक दिस वर आला तर बोलता येईना, तोंड वाकडं. मी बोलले, आता कोण भेटायचा तिथं. भावाने सांगितलं, पोराने फोनवर सांगितलं. तर बोलतो, बाईंनी अजून बस बोललं नाय."

 ती माझ्याकडे बघत होती. विनवणी नव्हती त्या बघण्यात. एक बाई दुसऱ्या बाईकडे जितकं सरळ बघू शकते तितकं ती बघत होती.

"तुमचा गेला," ती म्हणाली. "माझा हाय अजून."

मी तिला उद्या येते म्हटलं. ती गेल्यावर बशी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. आणि मग जे मनात आलं ते मी इथे आहे तसं लिहिते, कारण ते न लिहिता पुढचं लिहिणं खोटं होईल. मला बरं वाटलं होतं. सगळे उठून गेले तरी एक माणूस रोज त्या पाण्यात जात होता, त्याला हाताने शोधत होता. दिवाळीपासून एकही दिवस शरद एकटा नव्हता. जानी त्या एका माणसाला परत मागायला आली होती, आणि मला तो द्यायचा नव्हता. दुपार सरेपर्यंत मी स्वतःला सांगत राहिले, की आणखी आठ दिवस. पाणी आत्ताच तर निवळलं आहे. आठ दिवसांत काय होतं?

आठ दिवसांत काय होतं ते मी बोटीत बसून पाहिलेलं आहे. त्याला आठ दिवसही लागत नाहीत.

आज सकाळी गेले. जीपने पठारावर सोडलं, तिथून उतार. जानी वाटेत उभी होती, ती पुढे झाली. पळस फुललेले, राब भाजलेल्या जागा काळ्या पडलेल्या. पाणी इतकं स्वच्छ होतं की काठाशी उभी राहिले तर उतारावरची जुनी पायवाट पाण्यात शिरून पुढे खाली जाताना दिसत होती, अगदी चालत जावं अशी. पाण्याच्या मध्यावर तराफा होता. त्यावर कोणी नव्हतं.

जानी खाली बसली. तिला सवय होती. मी उभीच राहिले. तराफ्याला बांधलेली दोरी ताठ होती, थोडी थरथरत होती. पाण्यात बुडबुडा नाही, कारण दम धरून गेलेल्या माणसाचा बुडबुडा येत नाही. मी त्या सपाट पाण्याकडे बघत होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी सोमा वर यावा म्हणून बघते आहे. फक्त सोमा. एका वर्षात त्या पाण्याकडे बघताना पहिल्यांदा माझ्या मनात दुसऱ्या कोणाचं नाव होतं. तरी मी नजर काढली नाही.

तो वर आला. तराफ्याला दोन्ही हातांनी लटकून राहिला, खोकला, थुंकला. मग आम्हाला पाहिलं आणि हाताने वल्हवत काठाशी आला. किती वाळला होता. डोळे लाल, वरच्या ओठावर रक्ताचा ओघळ, तो त्याने मनगटाने पुसला. मला बघून त्याला आनंद झाला, तेच मला सोसवेना.

"बाई, आज चिंचेच्या खालची बाजू केली. सगळी केली. उद्या वरली करतो. तिकडं दोन झाडं आडवी हायेत, त्यांच्या मंदी मला..."

"सोमाभाऊ, बस."

त्याला वाटलं मी त्याला बसायला सांगते आहे. तो ओल्या दगडावर टेकला, मान वर करून बघत राहिला.

"उद्यापासून जायचं नाही," मी म्हटलं. "शोधायचं नाही. झालं आता."

त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं. मग त्याच्या चेहऱ्यावर राग आला. मला तो अपेक्षित नव्हता.

"तुम्ही कशा बोलता असं? भाऊ तुमचा ना तो?"

"माझाच आहे," मी म्हटलं. "म्हणून मीच सांगायचं. दुसरं कोण सांगेल?"

"मी त्याला तिथं नेलं, बाई."

"तुम्हाला न्यायला तो आला होता. तुम्ही वर आलात. आता वरच राहा."

तो रडला नाही. त्याने पोटाला बांधायच्या दोरीची गाठ हातात धरली होती, ती चाळवत राहिला. जानी उठली, पदराने त्याचं डोकं पुसायला लागली, पोराचं पुसावं तसं खसाखसा, आणि पुसता पुसता त्याला शिव्या घालत होती, हळू आवाजात, एकसारख्या. मग तिने त्याच्या हातातली दोरी काढून घेतली. तो देत नव्हता, पण तिने घेतली.

ती दोघं चढणीला लागली. जानीने मागे वळून मला हाक मारली, की बाई, चला, ऊन चढतंय, भाकरी खाऊन जा. मला उत्तर द्यायचं होतं. पाण्याकडे पाठ करायला मला वेळ लागत होता. इथून निघाले की आज, उद्या, परवा, या पाण्यात त्याला शोधणारं कोणीही असणार नाही. ते माझ्याच तोंडून झालं होतं.

"आले," मी म्हटलं, आणि पहिलं पाऊल टाकलं.